बारावीनंतर की पदवीनंतर? वकिलीच्या शिक्षणाच्या दोन वाटांचा इतिहास

बारावीचा निकाल लागला की शहापूर, जवाहरनगर, भंडारा या पट्ट्यातील घराघरांतून चर्चा सुरू होतात. कुणी मुलाला इंजिनीअरिंगला पाठवण्याचे म्हणतो, कुणी नर्सिंगला, कुणी आयटीआयला. कायद्याचे नाव फारसे निघत नाही. निघालेच, तर बोलणे लगेच एका प्रश्नापाशी अडते. मुलाला किंवा मुलीला आताच पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला घालावे, की आधी बी.ए. वा बी.कॉम. होऊ द्यावे आणि मग तीन वर्षांचे एलएल.बी. करावे? ज्याला विचारावे तो आपल्या ओळखीच्या एखाद्या वकिलाचे उदाहरण देतो आणि तेवढ्यावर सल्ला देऊन मोकळा होतो.

हा प्रश्न नव्या जमान्याचा वाटत असला तरी तो दीडशे वर्षांचा जुना आहे. वकिलीच्या दरवाजाची चौकट या काळात अनेकदा बदलली. कधी ती इतकी रुंद होती की पदवीची गरजच नव्हती, तर कधी इतकी अरुंद की विलायतेचे भाडे ज्याच्या खिशात तोच आत शिरे. ही चौकट बदलली की आत येणारी माणसेही बदलतात, म्हणून हा इतिहास पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे.

प्रथम आपल्याच मुलुखाकडे पाहू. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतात होता. १८६१ साली हा प्रांत बनला आणि नागपुरास ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट आले. हायकोर्ट व्हायला १९३६ साल उजाडावे लागले. मधल्या पाऊणशे वर्षांत जिल्ह्याच्या कोर्टांत काम चालवणारे सगळे एलएल.बी. झालेले नव्हते. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टात प्लीडर, मुखत्यार आणि रेव्हेन्यू एजंट असे वर्ग होते आणि त्यांच्या पात्रतेचे नियम त्या त्या वरिष्ठ कोर्टाने ठरवायचे होते. मुखत्याराला प्लीडरएवढे अधिकार नसत, पण खेड्यातल्या पक्षकाराला तोच जवळचा. कुळांच्या, सारावसुलीच्या, हद्दीच्या भांडणांत अर्ज लिहिणारा, तारखेला उभा राहणारा हा माणूस कॉलेजात गेलेला असेलच असे नाही. आजही आपण जमिनीच्या व्यवहारात 'कुलमुखत्यारपत्र' म्हणतो. मुखत्यार गेले तरी त्यांचा शब्द असा राहून गेला.

इथे एक गोष्ट सहज आठवते. वकालतनामा, कैफियत, दिवाणी, फौजदारी, दस्तऐवज, वारस, जामीन, तारीख, मुद्दत, हुकूम, फिर्याद हे शब्द ज्या घरात उर्दू बोलली जाते त्या घरातल्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाहीत. मराठी कोर्टाची अर्धी बोली त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेली असते. असे असताना आपल्या मुलांना कोर्टाची पायरी परकी वाटावी, याचे नवल वाटते.

मुंबई इलाख्यातही असेच होते. १८५५ साली मुंबईत सरकारी लॉ कॉलेज निघाले आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ. महादेव गोविंद रानडे १८६२ साली बी.ए. आणि १८६६ साली एलएल.बी. झाले. म्हणजे 'आधी पदवी, मग कायदा' हा रस्ता विद्यापीठाच्या पहिल्या पिढीपासूनचा आहे. पण त्याच्याच शेजारी दुसरी वाट होती. एलएल.बी. न होता प्लीडरची परीक्षा देऊन जिल्ह्यात सनद मिळवता येत असे. पुण्यात लोकमान्य टिळकांनी कायद्याचा वर्ग चालवला तो अशाच परीक्षार्थींसाठी. तालुक्याच्या गावी नावारूपाला आलेले कितीतरी वकील या परीक्षेतून आले.

तिसरी वाट समुद्रापलीकडची. बॅरिस्टर होण्यासाठी हिंदुस्थानातील पदवी लागत नसे. लंडनच्या चार 'इन'पैकी एकात नाव घालायचे, ठरलेल्या संख्येने तिथल्या भोजनांस हजर राहून सत्रे भरायची, परीक्षा द्यायची, की झाला बॅरिस्टर. मोहनदास गांधी १८८७ साली मॅट्रिक झाले, भावनगरच्या कॉलेजात जेमतेम एक सत्र काढून १८८८ साली विलायतेस गेले आणि जून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. आजच्या भाषेत याला शाळेतून थेट प्रवेश म्हणावे लागेल. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले असता तोंडून शब्द फुटला नाही आणि खाली बसावे लागले, ही हकिगत त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिली आहे. कायद्याची पुस्तके त्यांनी मन लावून वाचली होती. अर्जी कशी लिहावी, साक्षीदाराला काय विचारावे, हे मात्र कुणी शिकवले नव्हते. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत शिकले.

याच वाटेने त्यांच्याआधी एक थोर पुरुष गेला होता, ज्याचे नाव आपल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने लक्षात ठेवावे. बद्रुद्दीन तय्यबजी. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८६० साली, ते इंग्लंडला गेले. तिथे डोळ्यांनी दगा दिला, अभ्यास अर्धा टाकून १८६४ मध्ये मुंबईला परतावे लागले. पण ते थांबले नाहीत. पुन्हा गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन हे त्याआधीच इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर झालेले. बद्रुद्दीन १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १८९५ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, १९०२ मध्ये काही काळ मुख्य न्यायमूर्तीचे काम त्यांनी पाहिले. आणि या सगळ्याच्या आधी, १८७४ साली, मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत ते व कमरुद्दीन होते. स्वतःला मिळाले ते इतरांच्या मुलांनाही मिळावे ही त्यांची तळमळ.

तय्यबजी घराणे व्यापारी होते, पैसा होता, वडिलांची दृष्टी मोठी होती. मध्ये खंड पडला तरी मुलाला दुसऱ्यांदा विलायतेला पाठवण्याची त्यांची ऐपत होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. शाळेतून थेट धंद्याच्या शिक्षणात जाणाऱ्या मुलाचा अभ्यास मध्येच तुटला तर तो पुन्हा जोडण्याची ताकद घरात हवी. विद्यार्थ्याच्या हुशारीइतकेच महत्त्व या ताकदीला आहे.

आता 'आधी पदवी' या वाटेचे आपल्या भागातील सर्वांत मोठे नाव घेऊ. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला. जन्म १७ डिसेंबर १९०५ चा, वडील मध्यप्रांतात सरकारी नोकरीत. शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी हायस्कुलात झाले. तेथून ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले आणि १९२६ साली बी.ए. झाले. मग केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि लंडनचे लिंकन्स इन. १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन त्याच वर्षी जुलैत नागपुरात वकिलीला सुरुवात. पुढचा प्रवास सरळ चढणीचा आहे : १९४३ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे अॅडव्होकेट जनरल, १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १९५४ मध्ये तिथलेच मुख्य न्यायमूर्ती, १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालय, आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी भारताचे सरन्यायाधीश. त्या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. १९६९ च्या उन्हाळ्यानंतर काही आठवडे ते हंगामी राष्ट्रपती होते आणि १९७९ ते १९८४ उपराष्ट्रपती.

त्यांच्या आयुष्यातली एक बाजू नेहमी मागे पडते. १९३५ ते १९४३ अशी आठ वर्षे हा बॅरिस्टर नागपूरच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ लॉमध्ये मुलांना शिकवत होता. पुढे नागपूर विद्यापीठाच्या विधि विद्याशाखेचे ते अधिष्ठाताही झाले. त्यांचे आत्मचरित्र १९८० साली आले, त्याचे नाव 'माय ओन बॉसवेल'. बॉसवेल हा डॉ. जॉन्सनचा चरित्रकार. असे नाव सुचायला कायद्यापलीकडचे वाचन लागते. मॉरिस कॉलेजातली वर्षे त्यांच्या निकालपत्रांतून आणि भाषणांतून दिसत राहिली. पदवीची तीन वर्षे वाया जातात असे म्हणणाऱ्यांनी या एका माणसाचा विचार करावा.

मुंबईतही असेच दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले, मग कोलंबिया, लंडन, आणि नंतर ग्रेज इनमधून बॅरिस्टर. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. मुस्लिम कायद्यावरचा प्रमाणग्रंथ लिहिणारे आसफ फैझी हे तिथले प्राचार्य झाले ते त्यांच्यानंतर, १९३८ साली. एका संस्थेच्या एकाच खुर्चीवर काही वर्षांच्या अंतराने ही दोन माणसे बसली. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेला उभे राहिले होते आणि पराभूत झाले, हे जुन्या मंडळींच्या तोंडून आपण ऐकलेले आहेच.

स्वातंत्र्यानंतर चौकट पुन्हा बदलली. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील कायदा आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात कायद्याच्या शिक्षणाची दुरवस्था कडक शब्दांत मांडली आणि पदवीधरांनाच या शिक्षणात प्रवेश द्यावा असे सुचवले. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने प्लीडर, मुखत्यार हे भेद संपवून 'अॅडव्होकेट' हा एकच वर्ग ठेवला. आधीपासून काम करणाऱ्यांचे हक्क राखले, पण नव्याने मुखत्यार होण्याची वाट बंद झाली. पदवीनंतर दोन वर्षांत मिळणारे एलएल.बी. १९६७ नंतर तीन वर्षांचे झाले. आणि ज्याला ३१ डिसेंबर १९७६ नंतर बॅरिस्टरी मिळाली, त्याला केवळ तेवढ्यावर इथे सनद मिळेनाशी झाली. विलायतेची वाट अशी संपली.

चंद्रचूड घराण्यात हा बदल नीट दिसतो. यशवंत विष्णू चंद्रचूड १९४० मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर आणि १९४२ मध्ये पुण्याच्या लॉ कॉलेजातून एलएल.बी. झाले, म्हणजे दोन वर्षांत. मुलगा धनंजय १९७९ मध्ये दिल्लीत बी.ए. आणि १९८२ मध्ये एलएल.बी., म्हणजे तीन वर्षांत. दोघेही सरन्यायाधीश झाले.

एकंदरीत १९६१ नंतरची वीस वर्षे एकच वाट होती, पदवीची. ती आपल्यासारख्या समाजाला सोयीची होती की गैरसोयीची, यावर दुमत होऊ शकते. पदवीपर्यंत पोचणारेच मूठभर असतील तर पुढे वकील कुठून यायचे? सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असणारे सुमारे सात टक्के होते, तर मुसलमानांत हे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी. दुसऱ्या बाजूने, तेव्हा सकाळचे आणि संध्याकाळचे लॉ कॉलेजचे वर्ग असत. शाळामास्तर, कचेरीतला कारकून, फॅक्टरीतला बाबू नोकरी सांभाळून एलएल.बी. करी. खिशाला न परवडणारे शिक्षण त्याला असे परवडे. २००८ च्या नियमांनी वर्गांची वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ७ च्या आत बांधून दिली आणि संध्याकाळच्या कॉलेजांचा काळ सरला. दर्जासाठी हे आवश्यक असेलही. नोकरदाराची मात्र एक वाट त्यात बुजली.

थेट प्रवेशाची आजची वाट जन्माला आली ती शालेय शिक्षणाच्या नव्या आकृतिबंधातून. पूर्वी आपल्याकडे अकरावीला मॅट्रिक आणि पुढे चार वर्षांची बी.ए. असे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास महाराष्ट्रात दहावी आणि बारावी आली. बारावी ही एक पक्की पायरी झाल्यावरच तिच्यावर पाच वर्षांचा मजला चढवता आला. १९८२ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा आग्रह धरला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यामुळे बंद होईल असे अनेकांना वाटले होते, तसे झाले नाही. देशाला ते परवडणारे नव्हते. १९८८ साली बंगलोरच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी बसली. प्रा. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली त्या संस्थेने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला अशी प्रतिष्ठा मिळवून दिली की हुशार मुले डॉक्टरी, इंजिनीअरिंग सोडून कायद्याकडे वळू लागली. पुढे राज्याराज्यांत तशी विद्यापीठे निघाली. २००८ पासून त्यांची एकत्र प्रवेशपरीक्षा, क्लॅट, सुरू झाली. महाराष्ट्राचा कायदा २०१४ चा, आणि नागपूरचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ २०१६ साली सुरू झाले. शहापूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या नागपूर शहराच्या पलीकडे, वारंगा येथे ते आहे.

गंमत अशी की ज्या बंगलोरने पाच वर्षांची वाट राजमार्ग केली, त्याच संस्थेने २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम सुरू केला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक याचिका आली. बारावीनंतर तीनच वर्षांत वकील होता यावे अशी तिची मागणी होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती ऐकून घेण्यास नकार दिला.

इतिहास इथवर सांगितल्यावर आता पालकांच्या मूळ प्रश्नाला हात घालणे भाग आहे.

सर्वांत आधी हिशेब. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे पाच वर्षे. तीन वर्षांची पदवी आणि तीन वर्षांचे एलएल.बी. म्हणजे सहा. दोन वाटांतला कालावधीचा फरक एका वर्षाचा आहे. पुष्कळ पालक समजतात की थेट वाटेने निम्मा वेळ वाचतो. तसे नाही. पाच वर्षांत बी.ए. गाळलेले नसते, ते आत मिसळलेले असते. पहिल्या दोन वर्षांत राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हेच विषय बहुधा असतात.

खरा फरक अभ्यास मध्येच तुटला तर दिसतो. २००८ च्या नियमांतील तेरावे कलम स्पष्ट सांगते की एकत्रित अभ्यासक्रमातून मधल्या टप्प्यावर पदवी देऊन कुणाला बाहेर काढता येणार नाही आणि पदवी आहे म्हणून मध्येच कुणाला आतही घेता येणार नाही. याचा अर्थ, तिसरे वर्ष पूर्ण करून घरच्या अडचणीमुळे ज्याला बाहेर पडावे लागते, त्याच्या हातात बारावीची गुणपत्रिकाच राहते. तेवढ्याच काळात भंडाऱ्याच्या जे. एम. पटेल कॉलेजात शिकलेल्या त्याच्या वर्गमित्राच्या हातात बी.ए.ची पदवी असते. तलाठी, फौजदार, राज्यसेवा या परीक्षांचे दार त्याला एकविसाव्या वर्षी उघडते. आपल्या किती घरांत वडिलांचे आजारपण, धंद्यातली खोट किंवा थोरल्या भावाचे वेगळे होणे यांमुळे मुलाचे शिक्षण थांबले आहे, हे प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यात मोजून पाहावे.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच लागू आहे. स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्यातली कायदेशीर अडचण १९२३ च्या कायद्याने दूर झाली, पण घरातली अडचण कायद्याने दूर होत नाही. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी स्थळ आले की पाच वर्षांचा करार कोण पाळणार? एक पदवी आधी पदरात असली तर सासरी गेल्यावरही एलएल.बी.चा विचार करता येतो. तरीही उलट बाजू सांगितली पाहिजे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकदा प्रवेश घेतला की 'अजून शिक्षण चालू आहे' हे उत्तर मुलीच्या हाती राहते आणि कित्येकींना त्या उत्तराने वाचवलेही आहे. बी.ए. झाली की 'आता पुरे' म्हणणारे घर असेल, तर अशा घरातल्या मुलीसाठी थेट वाट जास्त सुरक्षित ठरेल. हा निर्णय घर पाहूनच करावा. एका मापाचा सदरा सर्वांना बसत नाही.

आणि मुलांचेही एक सत्य आहे. 'बी.ए. करून मग लॉ करू' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण बी.ए.पाशीच थांबतात. तीन वर्षांत उत्साह विरतो, दुकान बोलावते, मित्र पांगतात. म्हणून पदवीची वाट घेणाऱ्याने प्रवेशाच्या वेळीच पुढचे ठरवून ठेवावे. विषय निवडताना राज्यशास्त्र, अर्थशास्त्र घ्यावे, वा कॉमर्स घ्यावे. करांच्या आणि कंपन्यांच्या कामात कॉमर्सचा वकील नेहमी पुढे असतो. अमरावतीचे भूषण गवई बी.कॉम. करून मग एलएल.बी. झाले, १९८५ मध्ये वकिलीत आले आणि मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले.

भाषेचा प्रश्न आपल्याला विशेष भेडसावतो. क्लॅट इंग्रजीत असते आणि राष्ट्रीय विधि विद्यापीठांत शिक्षणही इंग्रजीतच. फी वर्षाला लाखांच्या घरात जाते. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने बारावीच्या सुट्टीत महिनाभराचा क्लास लावून ती परीक्षा द्यावी असे मी म्हणणार नाही. त्याची तयारी नववी-दहावीपासून झाली पाहिजे, आणि ती करून घेणे हे शाळेचे काम आहे. राज्याची सीईटी २०१६ पासून घेतली जाते. पाच वर्षांसाठी वेगळी आणि तीन वर्षांसाठी वेगळी, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत. तिच्यातून नागपूर विद्यापीठाच्या कक्षेतील कॉलेजांत प्रवेश मिळतो. पदवीच्या तीन वर्षांत इंग्रजी सुधारायला सवड मिळते, हा त्या वाटेचा न बोलला जाणारा फायदा. तसेच भंडाऱ्याच्या कोर्टात साक्ष मराठीत चालते हेही विसरू नये. उर्दू शाळेतल्या मुलाचे मराठी कच्चे राहिले तर इंग्रजी कितीही पक्के असले तरी जिल्हा कोर्टात त्याचा निभाव लागणार नाही.

न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी एक ताजा बदल महत्त्वाचा आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठीची तीन वर्षांच्या वकिलीची अट काढून टाकली होती. तेव्हापासून पाच वर्षांच्या वाटेने आलेला तेवीस वर्षांचा तरुण थेट परीक्षेला बसू शकत होता, आणि हा त्या वाटेचा मोठा लाभ गणला जाई. २० मे २०२५ रोजी गवई यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाने ती अट परत आणली. अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा थेट वाटेने सव्विसाव्या वर्षी पात्र होतो, पदवीच्या वाटेने सत्ताविसाव्या. मधली तीन वर्षे कोणा ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढायची आणि त्या काळात कमाई जवळजवळ नसते. घरखर्चाचा अंदाज करताना पालकांनी पाच किंवा सहा वर्षांत ही तीन वर्षेही मिळवावीत. सहसा ती कुणी मिळवत नाही.

माझे मत विचाराल तर असे आहे. ज्या घरात पाच वर्षे न तुटता फी भरण्याची खात्री आहे आणि ज्या मुलाचे मन दहावीपासून कायद्यात आहे, त्याने खुशाल थेट जावे. बद्रुद्दीन तय्यबजींची वाट ती आहे. बाकीच्यांनी, आणि आपल्या भागात बाकीचेच अधिक आहेत, भंडाऱ्यात पदवी करावी, त्या तीन वर्षांत थोडे पैसे बाजूला टाकावे आणि मग नागपूर गाठावे. हिदायतुल्लांची वाट ती आहे. वयाची भीती बाळगण्याचे कारण नाही. २००८ च्या नियमांत पाच वर्षांसाठी वीस आणि तीन वर्षांसाठी तीस अशी वयोमर्यादा घातली गेली होती, तिच्यावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या. प्रवेशासाठी बारावीत अथवा पदवीत खुल्या वर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. आपल्यातील अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात मोडतात, तेव्हा जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेवर काढून ठेवावा. ज्याने दहावी-बारावी न करता पूर्वतयारीच्या परीक्षेवर मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली, त्याला एलएल.बी.साठी ती चालत नाही. बारावी रीतसर पास होऊन मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर मात्र हरकत नाही. कॉलेज निवडताना त्याला बार कौन्सिलची मान्यता आहे ना, हे स्वतः पाहावे, एजंटाच्या तोंडावर जाऊ नये. शेवटी सनद घेताना, वाट कोणतीही असो, नोंदणीची फी कायद्याने ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. त्याहून अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरवून दिले आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा दोघांनाही सारखीच द्यावी लागते.

शाळेच्या दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शेक' आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आधी, असा गोंधळ आपल्या घरोघरी आहे. प्रवेशाच्या कागद-तपासणीत मुले यातच अडकतात. दहावीचा फॉर्म भरतानाच नाव तिन्ही ठिकाणी एकसारखे करून घ्यावे. नंतर ते दुरुस्त करायला बोर्डाच्या नागपूर कार्यालयात किती खेपा होतात, हे ज्यांनी केले त्यांना विचारा.